पूजेत राहिलेली हत्यारं

हा प्रवास कोणी मुद्दाम करावा असा नाही. कुपवाडहून निघायचं, आष्टा, पेठनाका, कराड करत उंब्रजच्या पुढं हायवे सोडून आत शिरायचं आणि येताना विट्यावरून आटपाडीला वळसा घालायचा. बघण्यासारखं त्यात विशेष काही नाही. आधी ऊस आहे, नंतर ऊस नाही, एवढंच. पण परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "आण्णा, दसऱ्याला होता कुठं?" मी मुळात कमी बोलणारा. माझी बायको म्हणते, ह्यांच्याकडनं शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट सोडवायचा. म्हणून लिहून काढतो. लिहिताना कुणी मध्ये टोकत नाही आणि कुणाची नजरही चुकवावी लागत नाही.

कुपवाड, दसऱ्याची सकाळ

आमचं कुपवाडला छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सुरू केलेलं. आम्ही गुऱ्हाळाच्या काहिली करतो. उसाचा रस ज्यात उकळून गूळ होतो ती लोखंडाची पसरट कढई म्हणजे काहील. एवढी मोठी, की आत दोन माणसं आडवी झोपतील. ती ट्रकात मावत नाही. म्हणून ट्रकाच्या मागं जोडायचा एक ट्रेलर आम्हीच बनवून घेतलाय. काहील त्यावर आडवी टाकली की दोन्ही बाजूंनी बाहेर येते. दिवस कलल्यावर मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो काठ दिसला नाही तर सरळ छातीवर बसायचा. त्यासाठी ट्रेलरला दोन्ही अंगांना पट्टी बाहेर काढून लाल दिवे लावलेत.

त्या दिव्यांवर आमच्या बिरूतात्यांचा फार जीव. तात्या आमचे ड्रायव्हर, आप्पांच्या वेळेपासूनचे. मूळचे आटपाडीकडचे, लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला आण्णाच म्हणतात. त्यांचा नियम एकच: "मागचं लाल पेटलं न्हाई तर चाक हलवायचं न्हाई." आणि निघताना ते प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचारतात. स्टेपनी, पाणी, हत्यारं.

यंदाची पहिली काहील साताऱ्याच्या बाजूला शालनताईंकडं जायची होती. त्यांचे यजमान मुंबईला माथाडी कामगार. सासऱ्यांच्या माघारी बंद पडलेलं गुऱ्हाळ ताई यंदा स्वतःच्या हिमतीवर पुन्हा सुरू करणार होत्या आणि दसऱ्याला संध्याकाळी काहील चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर, चढलीच पाहिजे असं त्यांनी बजावलं होतं.

आता हत्यारांचं सांगतो. आम्ही जैन, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत आमच्या घरात आजोबांपासून आहे. ट्रकाच्या पेटीतली हत्यारं आप्पांच्या हातची, जुनी. पाने, पक्कड, हातोडी, टेस्टर, वायरचं बंडल, जादा बल्ब, एक जादा दिवासुद्धा. आप्पांना आता नीट दिसत नाही, दुकानात येत नाहीत, पण खंडेनवमीला ही पेटी घरी मागवून घेतात. एकेक पाना रॉकेलनं पुसून, हातानं चाचपून पांढऱ्या कापडावर पद्मावतीच्या फोटोपुढं मांडतात. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय ती हलवायची नाहीत. वर्कशॉपमधल्या हत्यारांचंही तेच.

सकाळी मी रिकामी पेटी घेऊन देवघराच्या दारात उभा राहिलो. आप्पा जपमाळ घेऊन बसले होते. "आप्पा, ट्रक निघालाय, हत्यारं लागतील," एवढंच म्हणायचं होतं. कुरकुरले असते, पण दिली असती. मी नाही म्हणालो. का, ते आजही धड सांगता येत नाही. आप्पांकडं काही मागताना या वयातही माझी जीभ जड होते. शिवाय वाटलं, रस्त्यात काय होतंय, संध्याकाळपर्यंत तर पोचायचं. मी पेटी मिटली, कुलूप घातलं आणि नेऊन ट्रकाच्या सीटखाली सरकवली.

तात्यांनी विचारलं, "स्टेपनी?"

"बघितली."

"पानी?"

"भरलं."

"हत्यारं?"

"घेतली."

यार्डाचा दरवाजा मायाप्पामामांनी उघडला. मामा आमचे रखवालदार, तात्यांचे सख्खे मेव्हणे, तेही आटपाडीकडचेच. गुडघे गेल्यावर मेंढरं विकली आणि तात्यांनी त्यांना आमच्याकडं आणलं. तेव्हा आप्पांना म्हणाले होते, "माझ्या जबाबदारीवर ठेवा." मामांनी ट्रकाच्या चाकापुढं नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बेतानं जावा, आण्णा."

आष्टा

सणामुळं निघायलाच उशीर झाला होता. आष्ट्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. गावाबाहेर एका ट्रॅक्टर गॅरेजशेजारी चहाची टपरी उघडी दिसली म्हणून थांबलो. रस्त्यावर कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, दारोदारी झेंडूची तोरणं, धुतलेले ट्रॅक्टर ओळीनं उभे. आम्ही चहाचा पहिला घोट घेतला आणि मागं कुणीतरी ओरडलं, "हाऽड! हाऽड! ए पाव्हणं, तुमचा दिवा गाय खातीया!"

वळून बघितलं. एक पांढरी गाय ट्रेलरच्या मागं उभी होती. सकाळी हौसेनं मी दोन्ही दिव्यांच्या पट्ट्यांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, चांगल्या सुतळीनं, घट्ट. गायीनं माळ तोंडात धरली होती आणि मान झटकत होती. माळ तुटेना. तात्या पळाले, गाय बुजली आणि जी उधळली ती माळ, दिवा आणि हातभर वायर घेऊनच. दिवा डांबरावर आपटत गेला, मग तिच्याच पायाखाली आला.

गॅरेजवाले बापू उघड्या अंगावर टॉवेल टाकून बाहेर आले. घसा मोठा, पोट त्याहून मोठं. म्हणाले, "दसऱ्याला लोक सोनं लुटत्यात, तुमास्नी गायीनं लुटलं की!"

तात्यांनी दुसरा दिवा बघितला. तोही विझलेला. वायर ओढली गेली तेव्हा कुठंतरी तारेला तार लागून फ्यूज उडाला असणार. तात्यांनी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पोचायला दिवस बुडंल आण्णा. असं न्हाई जायचं. पेटी काढा."

मी पेटी काढली. आणि म्हणालो, "किल्ली घरी राहिली वाटतं."

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती.

"एवढंच ना?" बापू म्हणाले. "कुलूप हाय का किल्ला? एका घावात जातंय." त्यांनी आत हाक मारली, "मंगल, हातोडी दे गं!"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "हातोडी पूजंत हाय! हात लावू नगासा!"

"मग?"

"मग धोंडा घ्या की! धोंडा काय पूजंत न्हाई."

टपरीवरची चार-सहा माणसं हसली. बापूंनी खरंच रस्त्याकडेचा धोंडा घेतला. दोन घावांत कुलूप उडालं. माझ्या मनात तेव्हा एकच होतं, की आता ही पेटी कुणी उघडू नये. तात्यांनी उघडली. आत एक तेलकट फडकं होतं.

तात्यांनी फडकं उचलून खाली बघितलं. मग तात्यांनी अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "आण्णा, पूजंत तर ऱ्हायली न्हाईत?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मी त्या दारातनं जायला हवं होतं. पण सभोवती माणसं होती, हातात धोंडा घेतलेले बापू होते, आणि कुलूप कुणी घातलं हे सगळ्यांना सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "नाही. सकाळी मीच भरली."

"मग चोरीच की ही!" टपरीवाला म्हणाला.

मी गप्प बसलो. आयुष्यभर गप्पच बसत आलोय, त्यामुळं ते कुणाला वेगळं वाटलं नाही.

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन काढून मायाप्पामामांना लावला. सवयीनं फोन मोठ्या आवाजात ठेवला, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"मायाप्पा, ट्रकाजवळ कोन आलं हुतं?"

"कोन न्हाई, दाजी."

"पेटीतली हत्यारं न्हाईत."

"आं?"

"न्हाईत म्हंतोय! तुझा डोळा लागला हुता का?"

 आमच्या यार्डात त्या वेळी काम बंद असलं तरी पूजेचा प्रसाद न्यायला कामगार येतात. मागं त्यांचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "म्या न्हाई नेली, दाजी."

"तू नेली म्हनलं का म्या? तू असताना गेली. म्या आप्पांना शबूद दिलावता. आता सनादिवशी तमाशा नगं. गेटची किल्ली आत दे आन घरला जा."

"बरं," मामा म्हणाले.

हे सगळं होईपर्यंत मी तिथं उभा होतो. तात्यांच्या हातातला फोन माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

पुढचं जे झालं ते चांगुलपणाचं होतं, आणि तेच लिहायला जड जातंय. मंगलवहिनी पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सनाच्या दिवशी लुटलं की वो तुमास्नी." मग नवऱ्याला, "चला, घ्या हत्यारं."

बापू दचकले. "अगं, सोनं वाटाय अजून…"

"म्या बघते देवीचं. मानूस अडलाय आन हत्यारं हळद लावून बसल्यात व्हय? काय लगीन हाय त्यांचं?"

गॅरेजच्या आत पाटावर हत्यारं मांडलेली, मध्ये कलश, प्रत्येक पान्याला हळदीकुंकवाचं बोट. वहिनींनी आधी कलश बाजूला घेतला, देवीला हात जोडले, पुटपुटल्या काहीतरी, आणि पहिला पाना स्वतःच्या हातानं उचलून बापूंना दिला. कुंकू तसंच होतं. आमच्या घरी मी जे एका वाक्यानं मागू शकलो नाही, ते या बाईनं न मागता, माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून दिलं.

दिवा कुठनं आणणार? दुकानं बंद. बापूंनी स्वतःच्या ट्रॉलीचा मागचा दिवा काढला. मी नको म्हणालो तर म्हणाले, "आज ट्रॉली कुठं जातीया? तिचा बी सन हाय. येताना द्या परत." ते ट्रेलरखाली पाठीवर सरकले. तुटलेली वायर सोलली, नवी जोडली, टेप गुंडाळली, दिव्याच्या बोल्टला पाना लावून दोन आटे जास्तच दिले. "आता गाय न्हाई, हत्ती आला तरी निघनार न्हाई." फ्यूज टपरीवाल्यानं आपल्या मोटरसायकलमधला काढून दिला. मग तात्या केबिनमध्ये चढले आणि बापू मागं उभे राहून ओरडू लागले, "ब्रेक! … हां! डावा! … उजवा! … उजवा म्हनलं तात्या, जेवला न्हाई व्हय?" प्रत्येक वेळी लाल पेटलं की टपरीवरची माणसं "हांऽ" करायची, जणू फटाका उडालाय.

निघताना वहिनींनी वर्तमानपत्रात बांधून कडाकण्या दिल्या. नवरात्रात देवीपुढं टांगतात त्या गोड, कडक पुऱ्या. आमच्याकडं त्या करत नाहीत. मी त्या मांडीवर घेऊन बसलो. कराड मागं पडलं तरी पुडी सोडली नाही.

शालनताईंचं गुऱ्हाळ

एरवी तात्या गाडी चालवताना अखंड बोलतात. कुठल्या ढाब्याचा मालक कुणाचा जावई, कुठल्या वळणावर पूर्वी विहीर होती. त्या दिवशी पेठनाक्यापासून उंब्रजपर्यंत एकदाच बोलले. "त्याला म्याच आनला हुता," म्हणाले आणि गिअर बदलला.

हायवे सोडला तेव्हा दिवेलागण झाली होती. आतल्या रस्त्यावर मागून एक मोटरसायकल वेगात आली. आरशात मी बघत होतो. लाल दिसताच ती हळू झाली, लांबून काठ ओलांडून पुढं गेली. चालवणाऱ्याच्या मागं बाई होती, तिच्या मांडीवर मूल. बापूंच्या ट्रॉलीचा दिवा होता तो.

गुऱ्हाळात सगळे वाट बघत उभे होते. गूळ करणारा गुळव्या शिराळ्याकडचा, बारीक, चिडका. म्हणाला, "आजून थोडं थांबला असता तर दिवाळीच केली असती हितं." शालनताईंनी त्याला गप्प केलं आणि आम्हाला आधी पाणी दिलं. मग दहा-बारा माणसांनी काहील वासे घालून उचलली. "हैय्या" म्हणत, शिव्या देत, हसत ती चुलवाणावर चढवली. सारखी बसली की नाही ते बघायला गुळव्यानं आत बादलीभर पाणी ओतलं. पाणी मधोमध थांबलं तेव्हा कुठं तो पहिल्यांदा हसला. शालनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी फोन करून मुंबईला नवऱ्याला दाखवलं, "बघा, बसली!"

आमच्याकडं आपट्याची पानं आधी देवाला, मग थोरांना. इथं मी वेगळंच बघितलं. ताईंनी पहिलं सोनं चुलवाणाच्या तोंडाशी ठेवलं, दुसरं काहिलीच्या काठावर, मग गुळव्याला, मग माणसांना. गुऱ्हाळात आग आणि लोखंड थोर, असं त्या म्हणाल्या. मला ते आवडलं.

तात्या माझ्याकडं आले. हातात पानं होती. वाकायला लागले, मी धरलं. म्हणाले, "सोनं घ्या आण्णा. आन हत्यारांचं मनाला लावून घेऊ नका. नवी मी आनून देतो. आप्पांना मातूर सांगू नका, त्यांनी जपलीती."

पानं माझ्या हातात होती. मी म्हणालो, "तात्या, हत्यारं घरी आहेत."

"कुनाच्या?"

"आमच्या. पूजेत. कुणी चोरली नाहीत. पेटी रिकामी होती, ते मला सकाळपासून माहीत होतं. किल्लीही खिशात होती."

तात्यांनी हात मागं घेतला. पलीकडं कुणीतरी "सोनं घ्या, सोनं घ्या" करत हिंडत होतं.

"म्या इचारलं हुतं तुमास्नी," ते म्हणाले. "दोनदा."

"हो."

"मग का न्हाई बोलला?"

"लाज वाटली."

"तुमची लाज राखाय माझा मेव्हना घालवला व्हय?"

 मी मामांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला.

"नगा लावू," तात्या म्हणाले. "त्याच्या माळावर फोन लागत न्हाई. आन लागला तरी नगं. चोरीचं फोनवर झालं, हे तरी तोंडावर व्हऊ द्या. उद्या आटपाडीला."

त्या संध्याकाळी ते माझ्याशी आणखी बोलले नाहीत. पण झोपायच्या आधी ट्रेलरचे दोन्ही दिवे पेटवून बघितले आणि माझ्या अंगावर फेकल्यासारखी का होईना, एक घोंगडी टाकली.

आटपाडी

दुसऱ्या दिवशी चुलवाणाचं उरलेलं काम आटोपून दुपारी निघालो. कराडहून विट्याकडं वळलं की जमीन बदलत जाते. आधी ऊस विरळ होतो, मग द्राक्षाच्या बागा, मग डाळिंबं, आणि मग नुसता माळ, मध्येच बाभळी, लांबवर मेंढरांचा कळप धुळीत हलताना. रिकामा ट्रेलर मागं खडखडत होता. विट्याच्या पुढं तात्या हळूहळू बोलायला लागले. माझ्याशी नाही, रस्त्याशी. "हितं आमी मेंढरं बसवायचो. मायाप्पा लय लहान हुता, कोकरू पाठीवर घेऊन चालायचा. शेवटाला कोकरू त्याच्यापेक्षा मोटं झालं तरी उतरवंना." स्वतःच हसले. मग माझी आठवण होऊन थांबले.

मायाप्पामामांचं घर गावाबाहेर, माळावर. ते काट्यांचं कुंपण दुरुस्त करत बसले होते. ट्रक बघून उठले, धोतराला हात पुसले. माझ्या मागं कुणी पोलीस आहे का, असं त्यांनी एकदा बघितलं. ते मी बघितलं.

"मामा…" मी सुरुवात केली.

त्यांनी हात वर केला. "आदी जेवा. दिवस बुडाय लागलाय." मग बायकोला, "आगं, भाकरी टाक बिगीबिगी. आण्णा दिवस बुडाल्यावर खात न्हाईत." इतकी वर्षं माझा डबा कधी उघडतो हे त्यांनी यार्डाच्या गेटवरून बघितलं होतं. ज्याच्यावर चोरीचा आळ आला तो माणूस माझा नेम सांभाळत होता.

बाजरीची गरम भाकरी आली, हुलग्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी. मी तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. तसंच सगळं सांगितलं. देवघराचं दार, कुलूप, किल्ली, आष्टा. काही गाळलं नाही.

मामा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी हत्यारं घरात हुती."

"हो."

"आन म्या कालपास्नं आठवत बसलोय, कवा डोळा लागला, कवा पाठ फिरवली. ध्यानातच येईना. मग वाटाय लागलं, लागला आसंल डोळा. माजं मलाच खरं वाटाय लागलं हुतं, आण्णा."

तात्या तोंड फिरवून माळाकडं बघत होते. आत चुलीपुढनं मामांची बायको मोठ्यानं बोलली, मला ऐकू यावं म्हणूनच. "सनादिवशी मानूस वळकटी घिऊन दारात आला. चार बायकांनी इचारलं. काय सांगायचं हुतं म्या? आता जाऊन परत सांगू व्हय घरोघरी?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

"तुमी? तुमी घरात सांगितलं न्हाई, गावात सांगनार!"

खरं होतं. मी गप्प बसलो, पण या वेळी खाली बघून नाही. मग म्हणालो, "मामा, परत या. माझी चूक आहे. तुमच्याशिवाय यार्ड नको मला."

मामा थोडा वेळ दाढी खाजवत बसले. "येतो की. काय, हितं काय हाय? पर आत्ता न्हाई. बाजरी काढाय झालीया. ती काढतो आन येतो."

"तोवर यार्डाला कुणाला तरी बघू," मी तात्यांकडं वळून म्हणालो.

"बघायचं काय त्यात," आतून बाई म्हणाल्या. "ज्यानं घालवला त्यानं राखावं. तवर तुमीच बसा की गेटावर."

तात्या हसले. कालपासून माझ्याकडं बघून पहिल्यांदाच. "मेव्हन्याची बायकू लय शानी हाय," म्हणाले. मी हो म्हणालो. मामांनी वाढायला बायकोला पुन्हा हाक मारली आणि मला म्हणाले, "आता तरी खावा. दिवस बुडतूया बगा, जरा टेकडीवर हाय." मी भाकरी खाल्ली. त्या वर्षात इतकी चांगली खाल्ल्याचं आठवत नाही. उसळीला मीठ जास्त होतं. रागानं पडलं असेल.

पुन्हा कुपवाड

घरी आलो. आप्पांना सांगितलं. ते जपमाळेचे मणी ओढत राहिले. मग म्हणाले, "मागायचं होतंस." मी म्हणालो, "हो." एवढंच झालं. इतकंच होणार होतं त्या दसऱ्याच्या सकाळीही.

आष्ट्याला दिवा परत द्यायला गेलो तेव्हा नवा फ्यूज टपरीवाल्याला दिला आणि बापूंना आणि वहिनींना खरं सांगितलं. बापू आधी नुसते बघत राहिले, मग हसता हसता खोकला लागला. "रिकाम्या पेटीला कुलूप! आन ते आमी धोंड्यानं फोडलं!" वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या रखवालदाराला भेटला का आदी?" भेटलो म्हटल्यावर मग चहा ठेवला. त्यांनी आधी तोच प्रश्न विचारला याचं मला फार बरं वाटलं.

आणि मी यार्डाच्या गेटवर बसलो. मामांच्या खाटेवर, मामांची काठी घेऊन. बायको घरून डबा पाठवायची, सूर्य असताना. सकाळी कामगार दुचाक्यांवरून यायला लागले. पहिला आला तो वेल्डर. हेल्मेट काढून उभा राहिला. "आण्णा, तुमी हितं? मायाप्पामामा कुठं हायत?"

मी सांगायला लागलो. आप्पांच्या डोळ्यांपासून सुरुवात केली, मग पूजेची रीत, मग माझा स्वभाव, मग निघायला झालेला उशीर. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ते झालं. पर मामा कुठं हायत?" मग मला शेवटचं सांगावं लागलं, जे पहिल्यांदा सांगायला हवं होतं.  तो हेल्मेट घालून आत गेला, आत तर जायचंच होतं, तरी घालून गेला.

दुसऱ्याला सांगताना आप्पांच्या डोळ्यांची गोष्ट गळाली. त्याच्या पुढच्याला सांगताना उशीर गळाला, मग रीत, मग माझा स्वभाव. प्रत्येक जण विचारत होता. तिथं बसलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार? दसऱ्याला फोनवरचं बोलणं ज्यांनी ऐकलं होतं ते तर मुद्दाम थांबून विचारायचे. शेजारच्या कारखान्यातले विचारायचे. पाणी सोडणारा विचारायचा. मी इतकं सलग आयुष्यात बोललो नव्हतो. रोज थोडं कमी शब्दांत जमायला लागलं.

एका सकाळी भंगारवाला हातगाडी घेऊन गेटपुढं थांबला होता. नवीन होता, मामांना ओळखत नव्हता, पण कुणीतरी त्याला सांगितलं असावं की मालक गेटवर बसतो. "का वो मालक, रखवालदार पळाला का काय?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "हत्यारं मी घरी ठेवली होती, आणि चोरीचा आळ त्याच्यावर येऊ दिला."

मागून कुणीतरी खाकरलं. मायाप्पामामा एस्टीनं उतरून चालत आले होते. काखेत वळकटी, खांद्यावर बाजरीचं गाठोडं, चपला धुळीनं भरलेल्या. त्यांनी माझं वाक्य ऐकलं होतं. भंगारवाल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, वळकटी खाली ठेवली.

"उठा आता, आण्णा," म्हणाले. "खाट माझी हाय."

मी उठलो.